बंदराची शेड आणि वादळाची वाट: हवामान-मॉडेलने दाखवलेल्या मार्गांवर किती भिस्त ठेवायची?

पार्श्वभूमी

उत्तर रत्नागिरीतल्या एका खाडीच्या मुखाशी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेची शेड होती. जाळी, बर्फाची खोली, डिझेल पंपाचं जनरेटर आणि वायरलेसची खोली, सगळं एकाच पत्र्याच्या छपराखाली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात जमिनीवर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. हे बंदर त्या जागेच्या दक्षिणेला. समुद्राच्या बाजूचं शटर आत ढकललं गेलं आणि त्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेकडचं पाखं उचललं गेलं. छप्पर कसंबसं दुरुस्त झालं, तोवर मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेलं. ते १७ मेच्या रात्री गुजरातेत दीव-उना भागात धडकलं, पण जाताजाता या शेडचे कडेचे पत्रे घेऊन गेलं.

संस्थेने जुनी शेड पाडून नवी बांधायचं ठरवलं. कर्ज घ्यायचं होतं, इमारत पुढची तीस-चाळीस वर्षं टिकायला हवी होती. त्यामुळे प्रश्न साधा होता, पण टाळता येणारा नव्हता: अशी वादळं आता इथे वरचेवर येणार का, आणि आली तर कुठून येणार?

अडचण: दोन अहवाल, दोन टोकं

संस्थेच्या हाती दोन अहवाल आले. पहिल्यात एका जागतिक हवामान-मॉडेलची १९८२ ते २०१४ आणि पुढे २०५० पर्यंतची आकडेवारी घेतली होती. बंदरापासून १०० किलोमीटरच्या आतून जाणारी वादळं मोजली, तर दोन्ही कालखंडांत शून्य. निष्कर्ष होता ‘धोका नगण्य’. दुसऱ्या अहवालाचा आधार पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यास होता. त्यानुसार १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. यावरून अहवालाने बंदराचा धोकाही ५२ टक्के वाढवून टाकला.

दुसऱ्या अहवालातला आकडा चुकीचा नव्हता, त्याचा वापर चुकीचा होता. अरबी समुद्रात वाढलेली वादळं ओमान, येमेन, गुजरात अशी कुठेही जातात. २०१९ चं क्यार कोकणासमोर बळावलं आणि पश्चिमेला निघून गेलं. समुद्रात वादळ होणं आणि ते आपल्या दारात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पहिल्या अहवालातलं शून्य कुठून आलं, हे तर कोणी तपासलंच नव्हतं.

मॉडेल काय दाखवतं आणि काय नाही

संस्थेने नेमलेल्या सल्लागार गटाच्या पहिल्याच बैठकीत संस्थेच्या चेअरमननी विचारलं, “निसर्ग तुमच्या मॉडेलात दिसलं का, तेवढं सांगा.” हा प्रश्न सगळ्यात मोलाचा ठरला, कारण त्यातच बहुतेकांचा गोंधळ होता. अंदाज देणारं मॉडेल आजच्या निरीक्षणांपासून सुरू होतं आणि काही दिवस पुढे जातं. हवामान-मॉडेल दशकानुदशकं आपल्या गतीने चालतं. त्यातल्या ३ जून २०२० ला श्रीवर्धनला ऊन असू शकतं. त्यात एखादं विशिष्ट वादळ शोधायचं नसतं. वादळं कुठे जन्मतात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या दिशेला वळतात आणि किती टिकतात, ही सरासरी तऱ्हा जुळते का एवढंच तपासायचं असतं.

वादळाचा मार्ग मुख्यतः त्याला वाहून नेणारा वारा ठरवतो, म्हणजे साधारण ८५० ते २०० हेक्टोपास्कल एवढ्या हवेच्या दाबामधल्या जाड थरातला सरासरी प्रवाह. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वादळ स्वतःहूनही थोडं वायव्येकडे सरकतं. हा मोठा प्रवाह मॉडेलना बऱ्यापैकी जमतो. म्हणूनच मॉडेलने दाखवलेली वाट त्याने दाखवलेल्या जोरापेक्षा जास्त भरवशाची असते. जोर मात्र केंद्राजवळच्या वीस-पन्नास किलोमीटरच्या गोल कड्यात तयार होतो, आणि पृथ्वी १०० किलोमीटरच्या चौकोनांत वाटणाऱ्या मॉडेलमध्ये ते कडंच उमटत नाही. महाराष्ट्राचा किनारा सरळ रेषेत मोजला तर सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे अशा मॉडेलमध्ये पालघर ते वेंगुर्ला जेमतेम पाच चौकोन. सह्याद्रीची भिंत पसरट टेकाड होऊन जाते. २५ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये वीस चौकोन मिळतात. पण एखादी गोष्ट नीट उमटायला निदान चार-पाच चौकोन लागतात, हे तिथेही विसरून चालत नाही.

कोकणाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती जगभरच्या अभ्यासांत सहसा तळटिपेत राहते. आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम: मॉन्सूनच्या आधी एप्रिल ते जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या काळात खालचा वारा जोरदार पश्चिमेचा आणि वरचा पूर्वेचा. दोहोंतल्या या फरकाला विंड शिअर म्हणतात, आणि तो वाढला की वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणजे मॉन्सून स्थिरावला की वादळाचं दार बंद. निसर्ग नेमकं त्या दाराच्या फटीतून आलं. १ जून २०२० ला केरळात मॉन्सून जाहीर झाला आणि ३ तारखेला वादळ रायगडात होतं. कित्येक हवामान-मॉडेलमध्ये मॉन्सून उशिरा येतो आणि अरबी समुद्राचा उत्तर भाग हिवाळ्यात-वसंतात जास्त थंड राहतो. दाराची वेळ आठवडाभर जरी चुकली, तरी जूनमधल्या वादळांची संख्या आणि त्यांचं वळण दोन्ही बदलतात.

शून्य कुठून आलं

गटाने पहिल्या अहवालाची मोजणी पुन्हा केली. मॉडेलच्या आकड्यांतून वादळ ओळखायला मागोवा घेणारी संगणक-प्रणाली लागते. टेम्पेस्टएक्स्ट्रीम्स ही त्यातली सर्रास वापरली जाणारी. ती समुद्रसपाटीच्या दाबाचा खड्डा शोधते, वरच्या थरात उबदार गाभा (भोवतालपेक्षा उबदार अशी मधली हवा) आहे का पाहते, आणि दर सहा तासांचे ठिपके जोडून मार्ग काढते. इथे तीन चुका सापडल्या.

पहिली चूक वाऱ्याच्या उंबरठ्याची. चक्रीवादळाची व्याख्या ताशी ६२ किलोमीटरपासून सुरू होते, म्हणून तोच आकडा १०० किलोमीटरच्या मॉडेलला लावला होता. तिथला वारा हा अख्ख्या चौकोनाची सरासरी असतो, म्हणून उंबरठा जाळीच्या, म्हणजे या चौकोनांच्या, आकाराप्रमाणे खाली आणावा लागतो. तो न आणल्याने बरीच वादळं यादीत आलीच नाहीत.

दुसरी चूक टिकण्याच्या अटीची. सलग दहा ठिपके, म्हणजे ५४ तास, वादळ उंबरठ्याच्या वर राहिलं तरच ते धरायचं, असं लिहिलं होतं. अटलांटिकमध्ये आठवडा-दीड आठवडा चालणाऱ्या हरिकेनांना ही अट ठीक आहे. निसर्ग १ जूनच्या पहाटे डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची कमजोर पायरी) झालं आणि ३ जूनच्या दुपारी किनाऱ्यावर होतं, सगळे मिळून साधारण ५५ तास. त्यातले पहिले कित्येक तास वारा उंबरठ्याच्या खाली. म्हणजे खरं निसर्ग या चाळणीत टाकलं असतं, तर तेही गळलं असतं. हे कळल्यावर बैठकीत कुणालाच काही बोलायचं सुचेना.

तिसरी चूक उलट दिशेची. उबदार गाभ्याची अट सैल ठेवल्याने मॉन्सूनच्या आगमनाचा भोवरा आणि जुलैत गुजरातजवळ मधल्या थरात होणारे भोवरे वादळ म्हणून मोजले गेले. अख्ख्या अरबी समुद्राची बेरीज त्यामुळे वरवर ठीक दिसत होती, आणि म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

मग गटाने उंबरठा जाळीप्रमाणे लावला, टिकण्याची अट ३६ तासांवर आणली आणि हंगाम वेगळे केले. हायरेसएमआयपी या प्रकल्पातल्या बारीक जाळीच्या मॉडेलांचे मार्ग घेऊन ते आयबीट्रॅक्स या जागतिक नोंदसंग्रहाशी ताडून पाहिले. चित्र सुधारलं: वादळांचा जन्म आग्नेय आणि मध्य अरबी समुद्रात, बहुतेकांची वाट वायव्येला, थोडी उत्तरेला आणि मग ईशान्येला वळणारी. मात्र बंदराजवळच्या १०० किलोमीटरच्या वर्तुळात प्रत्येक मॉडेलमध्ये इतके कमी मार्ग होते की एक-दोनाचा फरक पडला तरी टक्केवारी उलटीपालटी व्हावी. खऱ्या नोंदींचीही तीच गत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट येणारी वादळं मोजकीच, जसं नोव्हेंबर २००९ मधलं फयान, आणि मग निसर्ग. इतक्या थोड्या घटनांवरून एका बंदराची वारंवारता काढणं हे कोणत्याच मॉडेलला झेपणारं काम नाही.

याच्या जोडीला भूमितीची अडचण. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आणि वादळंही बऱ्याचदा उत्तरेकडे सरकतात. वाट आणि किनारा यांच्यातला कोन ४५ अंश असेल, तर मार्गातल्या ५० किलोमीटरच्या चुकीने किनाऱ्यावरची जागा ७१ किलोमीटर हलते. कोन २० अंशांचा असेल तर १४६ किलोमीटर. एवढ्यात श्रीवर्धनची रत्नागिरी होते. पूर्व किनाऱ्यावर वादळं पुष्कळदा किनाऱ्याला आडवी येऊन भिडतात, म्हणून तिथल्या मॉडेलची शाबासकी इथे उसनी आणता येत नाही.

समोरचे पर्याय

एक: बांधकामाच्या नेहमीच्या संहितेप्रमाणे बांधायचं. दोन: शेड वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्यायची. तीन: संहितेच्या पुढे जाऊन मजबुती वाढवायची. चार: आणखी चांगली मॉडेलं येईपर्यंत तात्पुरतं छप्पर घालून थांबायचं. चौथा पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण पावसाळा थांबणार नव्हता.

सड्याची कल्पना अनेकांना पटली होती, कारण उधाणाचं पाणी तिथे पोचत नाही. पण उतार चढून आलेला वारा कड्याच्या माथ्यावर वेग घेतो. बांधकामावरच्या वाऱ्यासाठीची भारतीय संहिता, आयएस ८७५ भाग ३, भूरूपासाठी वाऱ्याचा वेग १.३६ पटीपर्यंत वाढवायला सांगते. शिवाय जाळी आणि बर्फ रोज वर-खाली करणं शक्य नव्हतं.

पहिल्या पर्यायातली मेख वेगळीच निघाली. याच संहितेत चक्रीवादळी पट्ट्यासाठी महत्त्व-गुणांक आहे, म्हणजे आराखड्यात वाऱ्याचा वेग किती पट धरायचा तो आकडा: सर्वसाधारण इमारतींना १.०, औद्योगिकांना १.१५ आणि वादळानंतर लगेच लागणाऱ्या इमारतींना १.३०. पण २०१५ च्या आवृत्तीत हा गुणांक ६० किलोमीटर रुंदीच्या पूर्व किनारपट्टीला आणि गुजरात किनाऱ्याला लागू आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. कागदावर सगळं नियमात बसत होतं, आणि तरीही तौक्तेच्या जातीचं वादळ किनाऱ्याच्या जवळून गेलं तर छप्पर कमी पडलं असतं. हा निर्णय कायद्याचा नव्हता, शहाणपणाचा होता.

निर्णय: वारंवारता सोडून वाट सरकवली

गटाने ‘वादळ किती वर्षांनी येईल’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्याऐवजी विचारलं: आलेलं वादळ थोडं इकडे-तिकडे झालं असतं तर? मॉडेलना त्यांनी फक्त त्यांना जमणारा प्रश्न विचारला. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला वाहून नेणारा वारा वादळाला इथे आणू शकतो का, आणि २०५० पर्यंत ते चित्र इतकं बदलतं का की ही वाटच बंद व्हावी? वाट बंद होते असं कोणत्याही बारीक जाळीच्या मॉडेलने दाखवलं नाही. निर्णयासाठी तेवढं पुरेसं होतं.

मग निसर्गचा मार्ग २५, ५०, ७५ आणि १०० किलोमीटर उत्तरेला आणि तितकाच दक्षिणेला सरकवला. मूळ धरून नऊ मार्ग झाले. तौक्तेचा मार्ग तशाच टप्प्यांनी किनाऱ्याकडे आणला, मूळ धरून पाच. प्रत्येकावर हॉलंडच्या १९८० च्या समीकरणाने (ते केंद्रापासूनच्या अंतरावरून वारा देतं) वारा काढला. जोरदार वाऱ्याच्या कड्याची त्रिज्या २०, ३५ आणि ५० किलोमीटर धरली, कारण खरी त्रिज्या नेमकी हाती नसते. एकूण ४२ वारा-नकाशे तयार झाले. किनाऱ्याजवळ आणलेल्या तौक्तेचा जोर तसाच ठेवल्याने आकडे थोडे चढे येतात, कारण जमिनीचं घर्षण आणि कोरडी हवा वादळाला थोडं तरी थकवते. ते जाणूनच स्वीकारलं.

इथे एका ठिकाणी हमखास घसरायला होतं. भारतीय हवामान विभागाचा वारा तीन मिनिटांच्या सरासरीचा, अमेरिकी नोंदींचा एका मिनिटाचा, मॉडेलचा चौकोनाचा, आणि संहितेतला तीन सेकंदांच्या झोताचा. मुंबईचा ४४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, हा असा झोत आहे. त्याच्याशेजारी वादळाचे ‘११०-१२०’ ठेवून ‘आपण सुरक्षित’ म्हणणं ही चूक इंजिनियरांकडूनही होते. आधी सगळे आकडे झोतात बदलून घ्यावेत, मगच तुलना करावी.

नकाशांतून दिसलं ते असं. बंदरासाठी सर्वात वाईट वाट डोक्यावरून जाणारी नव्हती. केंद्र कड्याच्या त्रिज्येइतकं उत्तरेकडून ईशान्येला गेलं की बंदर उजव्या बाजूला येतं, आणि तिथे वादळाची स्वतःची चाल वाऱ्यात मिळते. अशा वेळी वारा आग्नेयेकडून सुरू होतो, मग दक्षिण, नैर्ऋत्य आणि शेवटी पश्चिम. बंदर डाव्या बाजूला असेल तर तो उलटा फिरतो: पूर्व, ईशान्य, उत्तर. एका जुन्या तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) ४२ नकाशे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “निसर्गात वारा दक्षिणेचा पश्चिमेला फिरला, तेव्हाच कळलं की मधला भाग आपल्या वरनं चाललाय. त्या फिरण्यातच शटर गेलं.” गणिताने महिनाभरात काढलेलं उत्तर त्यांच्या आठवणीत आधीपासून होतं.

काय केलं

शटरच खरा गुन्हेगार ठरला. पश्चिमेची मोठी उघडी जागा फुटली की वारा आत कोंडतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून त्याच वेळी ओढ असतेच. भिंतीत उघडी जागा ५ टक्क्यांहून कमी असेल तर संहिता आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरते, २० टक्क्यांवर गेली की ०.७. म्हणून मोठं शटर पूर्वेला नेलं आणि पश्चिमेला फक्त एक माणूस जाईल असं आतून अडसर लागणारं दार ठेवलं.

इमारतीचे दोन भाग केले. वायरलेस, जनरेटर आणि डिझेलचा पंप चालवायची खोली काँक्रीटच्या स्लॅबखाली, गुणांक १.३०. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे हा दाब १.६९ पट झाला. जाळ्यांच्या शेडला १.१५, म्हणजे दाब १.३२ पट. सगळ्याच शेडला १.३० लावायचा आग्रह काहींनी धरला होता. तेवढे पैसे नव्हते, आणि वादळानंतर पहिल्या रात्री जाळ्यांपेक्षा वायरलेस लागतो.

पत्रे तेच, जाडीही फारशी वाढवली नाही. बदललं ते त्यांना धरून ठेवणारं सामान. पत्रा बहुधा बोल्टभोवती फाटून सुटतो, कारण वॉशर लहान असतं. म्हणून मोठी वॉशर घेतली, आणि कडेच्या तसंच कोपऱ्यांच्या पट्ट्यात जे-बोल्ट दुप्पट लावले, कारण वाऱ्याची ओढ तिथे छपराच्या मध्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पर्लिन (पत्र्यांखालच्या आडव्या पट्ट्या) जवळ घेतली आणि समुद्राच्या बाजूचं पाखं भिंतीबाहेर फक्त वळचणीपुरतं ठेवलं.

परिणाम

शेड उभी आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय कोकणापासून दूर राहून कच्छला जखाऊजवळ गेलं. तेव्हा इथे उंच लाटा आल्या, पण वाऱ्याची खरी परीक्षा झाली नाही. त्यामुळे आराखडा बरोबर ठरला असं अजून म्हणता येत नाही. बिपरजॉयच्या सुरुवातीच्या दिवसांत वेगवेगळी अंदाज-मॉडेलं वेगवेगळ्या किनाऱ्यांकडे बोट दाखवत होती. २०१९ मध्ये वायूनेही गुजरातेत शिरता-शिरता तोंड फिरवलं होतं. चार दिवसांच्या अंदाजात जिथे एवढी ओढाताण होते, तिथे तीस वर्षांपुढच्या एका बिंदूबद्दल ठाम बोलणाऱ्या अहवालावर सही करू नये.

संस्थेला रोज जाणवणारा फायदा दुसराच आहे. वादळाचा इशारा आला की जाळी कुठल्या कोपऱ्यातून आधी हलवायची हे आता ठरलेलं असतं, कारण वारा कसा फिरेल हे नकाशांवर आहे. हे नकाशे वायरलेसच्या खोलीत भिंतीवर लावले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

तांडेलांना सगळ्यात शेवटी विचारलं, हे चुकलं. वारा कोणत्या दिशेने फिरला ही माहिती पहिल्याच दिवशी मिळाली असती, तर अर्ध्या नकाशांची गरज पडली नसती.

अहवाल मागवताना तीन गोष्टी लेखी मागायला हव्या होत्या: मॉडेलच्या चौकोनाचा आकार, वाऱ्याचा उंबरठा आणि टिकण्याची अट. एवढं एका पानात मावतं, आणि ‘शून्य’ तिथेच पकडलं गेलं असतं.

सहा तासांऐवजी तीन तासांचे ठिपके घ्यायला हवे होते. ताशी २० किलोमीटरने चालणारं वादळ सहा तासांत १२० किलोमीटर जातं, आणि किनारा ओलांडल्याची जागा मधल्या सरळ रेषेवर अंदाजाने धरावी लागते.

बारीक जाळीच्या ज्या प्रयोगांवर गट विसंबला, त्यांतल्या बऱ्याचशांत समुद्राचं तापमान बाहेरून दिलेलं होतं. खऱ्या समुद्रात वादळ खालचं थंड पाणी वर घुसळतं आणि त्यानेच मंदावतं. जोराचे आकडे वाचताना ही बाब सुरुवातीलाच नोंदवायला हवी होती.

आणि बोल्ट. साधे झिंक-लेपाचे घेतले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या कडेच्या बोल्टांच्या मानेशी खाऱ्या हवेने तांबूस गंज धरला. वरून वॉशर झाकत असल्याने तो दिसत नव्हता, पान्याने एक बोल्ट सैल केला तेव्हा हातात चुरा आला. आता कडेची रांग स्टेनलेसची केली आहे, आणि दर एप्रिलच्या अखेरीस, बोटी ओढायच्या आधी, प्रत्येक दहावा बोल्ट उघडून पाहिला जातो.